रहूची भिंत

पहाटे ५.००

बंद पडलेल्या भातगिरणीच्या मागच्या दाराला काळ्या ताडपत्रीचे दोन पडदे आहेत. मधे एक माणूस उभं राहील एवढी जागा. पहिला पडदा पुरता मिटल्याशिवाय दुसऱ्याला हात लावायचा नाही, हा इथला पहिला नियम. रात्रपाळी मैत्रिणीची होती. आतून तिचं "ये" ऐकू आलं की मी आत शिरते.

आत एकच लहान दिवा, हिरव्या जिलेटिन कागदाच्या थरांत गुंडाळलेला. फोटो धुण्याच्या डार्करूममध्ये लाल दिवा चालतो, इथे चालत नाही. कोवळ्या रोपाला तांबडा उजेड लगेच कळतो आणि त्याच्या वाढीची तऱ्हा बदलते. मंद हिरव्या उजेडाची ते फारशी दखल घेत नाही. डोळे सरावले की समोर १२ फूट रुंद, ८ फूट उंच अशी भाताच्या रोपांची भिंत दिसू लागते. तिच्यात एका आजींचा चेहरा उगवतो आहे. अलिबाग-पेणच्या खारेपाटात त्यांनी आयुष्यभर भात पिकवलं. आता त्यांच्या शेतात खाडीचं पाणी आहे.

ही कामं आम्ही दोघी मिळून करतो. मी चित्रकला शिकले, ती शेतकी. चित्र कोण काढतं आणि बी कोण पेरतं, असं लोक विचारतात. तशी वाटणी आमच्यात नाही. आम्ही वाटून घेतो ती वेळ. रोपाला चोवीस तासांत कधीही काही लागू शकतं आणि माणसाला झोप येतेच. म्हणून आमची भागीदारी आधी पाळीपाळीने राखण करण्याची आहे. बाकीचं सगळं तिच्या मागून येतं.

पाळी बदलताना ती मोजकं सांगते: "तापमान २६. दोनला एक हलका फवारा दिलाय. खालच्या डाव्या कोपऱ्यात आंबूस वास येतोय, तिथे पाणी नको मारूस." मी वहीत लिहून घेते, ती झोपायला जाते.

पहाटे ५.४५

भिंतीची तब्येत कळायला ही वेळ सगळ्यांत चांगली. भाताच्या निरोगी रोपाच्या पानाच्या टोकाशी पहाटे पाण्याचा थेंब असतो. ते दव नव्हे. रात्रभर मुळं पाणी वर ढकलत राहतात आणि जास्तीचं पाणी टोकाशी असलेल्या बारीक छिद्रांतून बाहेर येतं. ज्या रोपाच्या टोकाला थेंब आहे, त्याची मुळं कामावर आहेत.

मी स्टुलावर चढून वरून खाली एकेक पट्टा बघत येते. कपाळाच्या भागात थेंबच थेंब. नाकाच्या शेंड्याजवळ थोडी विरळ जागा, पण जी रोपं आहेत त्यांच्यावर थेंब आहेत. हनुवटीच्या खाली, डाव्या कोपऱ्यात, तळहाताएवढ्या जागेत एकही थेंब नाही. तिथे पानं वरून ठीकच दिसतात. बोटाने हलकेच बाजूला केली की मातीलगत पांढरी बुरशी दिसते, कापसाच्या तंतूंसारखी. उभ्या भिंतीचा हा स्वभावच आहे. पाणी खाली उतरतं, माथा सुकतो आणि पायथा कुजतो.

फवारणीचा पंप नवा घेतलेला आहे, त्यात कधी औषध घातलेलं नाही. पाणी पावसाचं, गिरणीच्या पत्र्यावरून पन्हळीने पिंपात साठवलेलं. खारेपाटात गोड्या पाण्याची ओढ जुनीच, आणि खारट पाणी कोवळ्या मुळांना सोसत नाही. मी माथ्याला दोन हात, मध्याला एक हात फवारते आणि पायथा सोडून देते. पंखा कोपऱ्याकडे वळवते.

सकाळी ८.००

प्रोजेक्टर सुरू करायची वेळ. तो विटांच्या ओट्यावर सिमेंटने पक्का बसवला आहे. बोटभर जरी सरकला तरी आजींना दोन नाकं येतील. कळ दाबली की भिंतीवर उलटं चित्र पडतं, फोटोच्या निगेटिव्हसारखं. डोक्यावरचे पांढरे केस काळे, डोळ्यांची काळी बुबुळं झगझगीत.

भाताच्या पानात पिवळा रंग अंधारातही असतोच. हिरव्याचीही तयारी अंधारात झालेली असते, पण त्याची शेवटची पायरी उजेडाशिवाय पुरी होत नाही. जिथे प्रकाश भरपूर पडतो तिथलं पान गडद हिरवं होतं, जिथे कमी पडतो तिथे पोपटी, आणि जिथे पडतच नाही तिथे फिकट पिवळं राहतं. म्हणून बुबुळांवर दिवसभर लख्ख उजेड आणि केसांवर अंधार. संध्याकाळपर्यंत रोज थोडा थोडा चेहरा पुढे येतो.

हे दृश्य महाराष्ट्रात घरोघरी नवरात्रात दिसतं. देवघरातल्या घटाभोवती पेरलेलं धान्य उजेडापासून लांब उगवतं, म्हणून त्याचे तुरे पिवळेधमक निघतात आणि काही भागांत दसऱ्याला लोक ते टोपीत खोवतात. काल घटस्थापना झाली, आज दुसरी माळ. आमच्या भिंतीवर तेच चालू आहे. फक्त कुठे अंधार ठेवायचा हे आम्ही ठरवलं आहे.

या चित्राचं आयुष्यही धान्यच ठरवतं. हिरवं पान स्वतःचं अन्न बनवू शकतं. पिवळ्या पानाला दाण्यातल्या साठ्यावर दिवस काढावे लागतात आणि रोपाला तीन पानं येईपर्यंत तो साठा संपत येतो. म्हणजे आजींचे पांढरे केस, गालावरचा उजेड, कपाळाची चमक, हे सगळं उसन्या दिवसांवर उभं आहे. वेळापत्रकात आम्हाला एक दिवसही वाढवून मिळत नाही.

सकाळी १०.००

आत आता कुणाची गरज नाही. मागच्या पडवीत मी कुडाच्या फळ्या बांधते. मोठ्या भिंतीशेजारी लावायची एक लहान पट्टी अजून व्हायची आहे. कारवीच्या काठ्या उभ्या-आडव्या विणून त्यावर चिकणमाती लिंपायची, ही कोकणातल्या जुन्या घरांची रीत. माती खाजणातली घेतली नाही, तिच्यात मीठ असतं. गावतळ्याचा गाळ उपसून आणला आणि त्यात बारीक कापलेला पेंढा तुडवला. शेण टाळलं, कारण बंद खोलीत त्याने बुरशीला जोर येतो.

पेरणी आजींनी दाखवली तशी, रहूची. भात भिजत घालायचं, मग पोत्यात दडपून मोड आणायचे आणि चिखलावर फेकायचं. खाऱ्या जमिनीत रोपवाटिका करून लावणी करणं जिथे जमत नाही तिथे ही पद्धत पूर्वीपासून आहे. आम्ही फळ्या जमिनीवर आडव्या ठेवून रहू फेकला, ओल्या गोणपाटाखाली झाकला आणि मुळांनी माती धरल्यावर फळ्या उभ्या केल्या. बियाणं आजींच्या घरचं. काळा राता, भुरा राता या कोकणातल्या खाऱ्या जमिनीच्या जुन्या जाती, आणि पनवेलच्या खारभूमी संशोधन केंद्राच्या पनवेल १, २, ३ या सुधारलेल्या. क्षार सोसणारं भात इथल्या शेतकऱ्यांनी आणि संशोधकांनी पिढ्यानपिढ्या निवडत आणलं आहे. आमच्या चित्राचा कागद आणि शाई दोन्ही तेच आहे.

गवतात छायाचित्र उगवण्याची रीत हेदर ॲक्रॉइड आणि डॅन हार्वी या ब्रिटिश जोडीची. दोघं १९९० पासून एकत्र काम करतात. इटलीत त्यांनी एका भिंतीवर गवत उगवलं होतं आणि तिला टेकलेली एक शिडी काढल्यावर मागे तिची पिवळी सावली राहिलेली त्यांना दिसली. तिथून पुढचं सगळं काम निघालं. २००३ मध्ये त्यांनी लंडनच्या बर्मंडसी भागातल्या डिलस्टन ग्रोव्ह या जुन्या काँक्रीटच्या चर्चच्या भिंती आतून गवताने झाकल्या. त्यांची चित्रं सुकली की फिकी पडत, तेव्हा ते वेल्समधल्या ॲबरिस्टविथच्या गवत-संशोधन संस्थेतल्या शास्त्रज्ञांकडे गेले. तिथे सुकतानाही हिरवं राहणाऱ्या गवतावर अभ्यास चालू होता. पुढे २००७ मध्ये त्याच संस्थेतल्या संशोधकांनी दाखवून दिलं की ज्या जनुकामुळे हे गवत हिरवं राहतं, मेंडेलच्या वाटाण्यांतला हिरव्या-पिवळ्या दाण्यांचा फरकही त्याच जनुकामुळे होतो. कलावंत आणि शास्त्रज्ञ एकाच पानाकडे बघत होते आणि दोघांनाही त्यातून काही मिळालं.

त्यांचं दुसरं एक काम मला याहून मोलाचं वाटतं. जोसेफ बॉईस या जर्मन कलावंताने १९८२ मध्ये कासल शहरात ७००० ओक लावायला सुरुवात केली, प्रत्येक झाडापाशी बसाल्टचा एक उभा दगड. १९८६ मध्ये तो गेला. शेवटचं झाड १९८७ मध्ये त्याच्या मुलाने लावलं. २००७ मध्ये ॲक्रॉइड आणि हार्वींनी त्या झाडांखालची फळं गोळा करून रुजवली आणि २०२१ मध्ये त्यातली १०० रोपं लंडनच्या टेट मॉडर्नबाहेर मांडली. मधली चौदा वर्षं कुणीतरी रोज पाणी घातलं, कुंड्या बदलल्या, थंडीत रोपं जपली. प्रदर्शनात दिसतं त्याच्या कितीतरी पट काम या राखणीत असतं.

कुडाच्या भिंतीवर चित्र म्हटलं की वारली चौक आठवतो. लग्नघरात तो सुवासिनी मिळून लिहितात आणि खाली कुणाचं नाव नसतं. जिव्या सोमा म्हसे यांनी ही चित्रकला कागदावर आणि जगभर नेली. २००३ मध्ये ड्युसेलडॉर्फच्या संग्रहालयात त्यांची आणि रिचर्ड लाँग यांची कामं शेजारीशेजारी मांडली गेली. लाँग हाताने चिखल लावून भिंती रंगवणारे कलावंत. माती, भिंत आणि हात ही सामग्री दोघांची सारखीच. आम्ही काम करतो ते या दोन्ही परंपरांच्या आधाराने, आणि ते ऋण आम्ही प्रत्येक ठिकाणी बोलून दाखवतो.

सकाळी ११.३०

वीज गेली. गिरणीमालक दादा इन्व्हर्टर लावायला धावत येतात. त्यावर एकच गोष्ट चालेल: प्रोजेक्टर किंवा पंखा. मैत्रीण उठून आली आहे, दोघींचं उत्तर एकच: पंखा. अंधाराने चित्राचं काही बिघडत नाही, ते जिथे आहे तिथे थांबतं. हवा थांबली की मात्र बुरशी पसरते.

दुपारी १.३०

बांधावर. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, द्वितीयेला दीड. अमावास्येनंतरचं उधाण अजून जोरात आहे. आम्ही खांडीपाशी उभ्या राहतो. खारबंदिस्तीचा बांध इथे फुटला आहे आणि त्या वाटेने खाडीचं पाणी शेतांत शिरतंय. भरतीचं पाणी अडवणारे उघाडीचे दरवाजे जागच्या जागी आहेत, पण बाजूलाच एवढी वाट मिळाल्यावर त्यांचा उपयोग काय?

सुरुवात खेकड्याच्या बिळांनी झाली, असं इथले जुने शेतकरी सांगतात. बिळातून पाणी झिरपतं, मातीचे कण वाहून जातात, वाट रुंदावते आणि एखाद्या उधाणाला बांध बसतो. पूर्वी उधाणाच्या रात्री बांधावर माणसं फिरत. झिरप दिसली की तिथल्या तिथे चिखलाचा गोळा दाबून बुजवत. शेती परवडेना, तरुण मुलं मुंबई-पनवेलला गेली, रात्रीचं फिरणं थांबलं. टोपलीभर चिखलाने भागलं असतं तिथे आता यंत्रं, निधी आणि मंजुरी लागते.

आजींच्या शेतात तिवराची रोपं गुडघाभर झाली आहेत. खारं पाणी ठरलं की कांदळवन येतंच, आणि ते तोडता येत नाही. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये राज्यभरातल्या कांदळवनांची तोड बेकायदा ठरवली, आणि ते आवश्यकच होतं. कांदळवन किनारा धरून ठेवतं, मासळीची पिल्लं त्याच्या मुळांत वाढतात, वादळाचा जोर त्याच्यावर मोडतो. तरीही ज्या बाईने याच मातीत रहू फेकून घर चालवलं तिचं शेत गेलं, हेही तेवढंच खरं आहे. पर्यावरणावर काम करणाऱ्यांनी यातली सोयीची एक बाजू उचलू नये, असं मला मनापासून वाटतं. तिवर उभं राहिलं की ते जपायचंच. पण जे बांध अजून शाबूत आहेत ते फुटू न देणं माणसाच्या हातात आहे. खाडी आणि शेत यांच्यातली रेघ राखणीनेच टिकते.

दुपारी ३.३०

आजी येतात. प्रोजेक्टर बंद करून आम्ही मंद पांढरा दिवा थोडा वेळ लावतो, नाहीतर उलट्या चित्राखाली खरं चित्र दिसत नाही. भिंतीतून बाहेर आलेली रोपं वळून आकाशाकडे उभी झाली आहेत. अंधारातली पिवळी पानं हिरव्यांपेक्षा उंच, म्हणून केस आणि कपाळ जरा फुगीर उठून आले आहेत.

आजी आधी चेहऱ्याकडे बघतच नाहीत. पानांत हात घालतात, मुळाशी चिमूट लावून ओल बघतात. "दाट पेरलंय गो पोरींनो. शेतान असा पेरला त हाती काय येनार नाय."

"आजी, दाट पेरल्याशिवाय तुम्ही दिसणार नाही," मैत्रीण म्हणते.

त्या मागे सरकतात, आणखी मागे, पाठ पडद्याला टेकेपर्यंत. बराच वेळ बघतात. मग डाव्या कोपऱ्याकडे बोट करतात. "ती जागा सुकू दे. वर जराशी राख मार." मैत्रीण मान डोलावते. हवा आणि कोरडेपणा हा पहिला उपाय, चुलीच्या राखेची हलकी चिमूट त्याच्या जोडीला. कृषी महाविद्यालयात ती शिकली त्याच्याशी हे जुळतं. चेहऱ्याबद्दल आजी काही बोलल्या नाहीत. राख मात्र घरून ताटलीत घेऊन आल्या आणि स्वतःच्या हाताने टाकून गेल्या.

संध्याकाळी ६.००

प्रोजेक्टर बंद. रोज याच वेळी आमचा वाद होतो. आज तो डाव्या गालावर आहे. मला वाटतं, सावली अजून गडद हवी, उद्याही पूर्ण दिवस उजेड देऊ. तिला वाटतं, सुरकुत्या बुजतील, त्या पट्ट्यावर उद्या झाकण टाकू.

अशा वेळी कुणाचं म्हणणं चालायचं, याचा नियम आम्ही केला आहे: जी अंधार मागेल तिचं. पिवळ्या पानाला परवा उजेड देऊन हिरवं करता येईल, हिरवं झालेलं पान मात्र आमच्या वेळात मागे फिरणार नाही. जो निर्णय नंतर बदलता येतो तो आधी घ्यायचा. खांडीपाशी उभं राहिल्यावर वाटतं, जमीन, पाणी, झाडं यांच्याबाबतीत सगळ्याच कामांना हा नियम लावायला हवा. मी पुठ्ठ्याचं झाकण कापायला बसते.

रात्री ९.००

रात्रपाळी आज माझी. वहीत दिवसाची नोंद होते: तापमान, पाणी, वीज किती वेळ गेली, राख कुठे टाकली, गालावर झाकण. नोंदीखाली दोघींच्या आद्याक्षरांशिवाय काही नसतं.

मग पुढची तयारी. पाचव्या माळेला चित्र तयार असेल, आणि त्या संध्याकाळी याच गिरणीत बांधाबद्दल गावाची बैठक आहे. आम्ही शहरातल्या दालनाऐवजी इथे काम केलं ते त्यासाठीच. मंद उजेडात आजींचा चेहरा समोर असेल आणि लोक गोणपाटावर बसून बोलतील. हा मुलूख एकत्र येणं जाणतो. शेजारच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली १९३३ मध्ये खोतांविरुद्ध संप पुकारला आणि १९३९ पर्यंत जमिनी न कसता टिकवला. सहा वर्षं पीक सोडून देणाऱ्यांच्या नातवंडांना उधाणाच्या रात्री बांधावर फिरणं अवघड नाही.

बैठकीनंतर रोपं तग धरतील तेवढे दिवस दार उघडं ठेवू. दिवसाचा उजेड आला की पिवळी पानंही हिरवी होतील आणि चेहरा विरून जाईल. मग रोपं शेळ्यांना, माती तळ्याच्या काठाला, कारवी पुढच्या कामाला. मागे गिरणीत काही उरणार नाही.

उरावा असा एकच कागद आहे, तो आज भिंतीशेजारी लावला. पुढच्या वर्षभरातल्या प्रत्येक अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाच्या रात्रींचा तक्ता, शाबूत बांधाच्या प्रत्येक भागासाठी दोन माणसं. एकट्याने बांधावर फिरायचं नाही: एक बॅटरी धरणार, दुसरा चिखल दाबणार. येत्या पौर्णिमेची पहिली पाळी आम्ही दोघींनी घेतली आहे. तिच्यापुढे दादांनी आपलं आणि मुलाचं नाव घातलं. बाकीच्या चौकटी पाचव्या माळेला भरायच्या आहेत, आणि त्या भरल्या तरच या कामाचं चीज झालं असं आम्ही मानू.